ऐकणाऱ्या माणसाची इंग्रजी विशेषणे

बहुतेक इंग्रजी-मराठी शब्दकोशांत ‘डोसाइल’ हा शब्द काढला की समोर ‘आज्ञाधारक, गरीब, शांत’ असे अर्थ दिसतात. ‘ओबीडियंट’पुढेही आज्ञाधारकच असते, ‘सबमिसिव्ह’पुढे नम्र आणि आज्ञाधारक, ‘मीक’पुढे नम्र आणि गरीब, आणि ‘कम्प्लायंट’पर्यंत पोहोचेतो कोशकाराकडचे मराठी शब्द संपले असावेत अशी शंका येते. स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांत हे सगळे शब्द समानार्थी म्हणून एकाच ओळीत बसवलेले असतात आणि चारांपैकी एका पर्यायावर खूण करण्यापुरते ते पुरतेही. अडचण येते ती प्रत्यक्ष लिहिताना. परदेशी विद्यापीठाला पाठवायच्या शिफारसपत्रात एखाद्या प्राध्यापकाने मनापासून कौतुक म्हणून ‘ही विद्यार्थिनी अतिशय डोसाइल आहे’ असे लिहिले, तर त्याच्या मनात गुणी, शिकवलेले मन लावून ऐकणारी, उद्धटपणा नसलेली मुलगी असते. पत्र वाचणाऱ्याला मात्र ‘हिला कोणीही कुठेही वळवावे, ही हूं की चूं करणार नाही’ असे ऐकू येते, आणि संशोधनासाठी विद्यार्थी निवडणाऱ्याला नेमके तेच नको असते.

शांत, सोपा, ऐकून घेणारा स्वभाव सांगणारी विशेषणे इंग्रजीत वीस-पंचवीस तरी सहज निघतात. ती नम्रतेच्या चढत्या पट्टीवर मांडण्याचा मोह होतो, म्हणजे थोडा नम्र, बराच नम्र, फारच नम्र; पण त्या पट्टीने फारसे काही हाती लागत नाही. मला दिसते ते असे, की हे शब्द ज्याचे वर्णन करतात त्याच्याइतकेच ते वापरणाऱ्याविषयीही सांगून जातात. बोलणाऱ्याच्या हातात लगाम असेल तर एक शब्द येतो, बोलणारा बरोबरीचा मित्र असेल तर दुसरा, आणि तो बाजूला उभा राहून नाक मुरडत असेल तर तिसरा. ज्याच्याविषयी बोलणे चालले आहे तो माणूस तिन्ही वेळा एकच असू शकतो.

इतके शब्द आहेत तरी किती, हा प्रश्न जुना आहे. रोजे यांचा सुप्रसिद्ध पर्यायकोश 1852 मध्ये निघाला आणि इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टन यांनी 1884 मध्ये त्याची पाने चाळून असा अंदाज केला की, माणसाचा स्वभाव सांगणारे निदान हजार शब्द इंग्रजीत आहेत आणि प्रत्येकाची छटा थोडी वेगळी आहे. पुढे 1936 मध्ये गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ओडबर्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी वेबस्टरचा मोठा कोश पालथा घातला, तेव्हा माणसामाणसांतला फरक सांगणारे 17,953 शब्द निघाले, आणि त्यांतले 4,504 टिकाऊ स्वभावगुण सांगणारे म्हणून त्यांनी वेगळे काढले. जी गोष्ट माणसांना महत्त्वाची वाटते तिला भाषेत शब्द मिळतोच, हे या खटाटोपामागचे गृहीतक होते. याच वाटेने पुढे मानसशास्त्रात स्वभावाचे पाच मुख्य घटक मानण्याची पद्धत रूढ झाली. त्यांतल्या एका घटकाचे नाव ‘अग्रीएबलनेस’, म्हणजे मनमिळाऊपणा, असे असून पॉल कोस्टा आणि रॉबर्ट मॅक्रे यांच्या 1992 च्या प्रश्नावलीत त्याचे सहा पैलू दिले आहेत: विश्वास, सरळपणा, परोपकार, कम्प्लायन्स, विनय आणि कोमल मन. यातली मेख लक्षात घेण्याजोगी आहे. मनमिळाऊपणाच्या सहा पैलूंपैकी दुसऱ्याचे ऐकून माघार घेणे, म्हणजे कम्प्लायन्स, हा फक्त एक पैलू आहे. माणूस मनमिळाऊ असून मत न सोडणारा असू शकतो, आणि सगळे मुकाट्याने मानणारा माणूस मुळीच मनमिळाऊ नसू शकतो.

प्रथम लगाम हातात असलेल्याचे शब्द घेऊ, कारण सगळ्यांत जास्त घोटाळा तिथेच होतो. ‘डोसाइल’चे मूळ लॅटिनमधल्या शिकवणे या अर्थाच्या क्रियापदात आहे. डॉक्टर, डॉक्युमेंट आणि डॉक्ट्रिन हे त्याचेच भाऊबंद. पंधराव्या शतकाच्या अखेरीस हा शब्द इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ ‘शिकवले की चटकन शिकणारा’ असा सरळ आणि चांगला होता, आणि आपल्या शिफारसपत्रवाल्या प्राध्यापकांच्या मनातला अर्थ बहुधा तोच आहे. फक्त ते चारएकशे वर्षे उशिरा आले. शिकवायला सोपा म्हणजे सांभाळायला सोपा आणि सांभाळायला सोपा म्हणजे विरोध न करणारा, अशी पायरी उतरत हा शब्द आज मुख्यतः जनावरांसाठी वापरला जातो. गायींची एखादी जात डोसाइल असते, कुत्र्याची असते, मधमाश्या पाळणारे आपल्या पोळ्याविषयीही तसे म्हणतात. माणसांसाठी तो येतो तेव्हा बहुधा घोळक्यासाठी येतो आणि टीकेच्या सुरात येतो: डोसाइल कामगार म्हणजे संघटना न करणारे, डोसाइल प्रजा म्हणजे प्रश्न न विचारणारी. फ्रेंच विचारवंत मिशेल फुको यांनी 1975 मध्ये तुरुंग आणि शिस्तीच्या इतिहासाविषयी लिहिताना ‘डोसाइल शरीरे’ अशी कल्पना मांडली. कवायतीने घडवलेला सैनिक हे त्यांचे उदाहरण होते. शिकवणे आणि वाकवणे या दोन गोष्टी त्या एका शब्दात किती जवळ आल्या आहेत हे फुको यांना नेमके दिसले होते. मराठीत या शब्दाला सगळ्यांत जवळचा शब्दप्रयोग ‘गरीब गाय’ हा आहे. आपण हे म्हणतो तेव्हा त्यात थोडी कणव असते, इंग्रजी शब्दात ती नाही.

‘ट्रॅक्टेबल’ हा हाताळण्याचा शब्द आहे. ज्या लॅटिन कुळातून ट्रॅक्टर आला त्याच कुळातला, म्हणजे मुळात ओढण्याशी संबंध असलेला. ज्याला ओढत न्यावे लागत नाही, हाताला येतो, तो ट्रॅक्टेबल. आज हा शब्द माणसांपेक्षा प्रश्नांसाठी जास्त वापरला जातो, आणि सरळ रूपापेक्षा त्याचे ‘इनट्रॅक्टेबल’ हे उलटे रूपच जास्त भेटते: न सुटणारा सीमावाद, औषधाला दाद न देणारे दुखणे, संगणकालाही वाजवी वेळात न सुटणारे गणित. एखाद्या मुलाला ट्रॅक्टेबल म्हणणे चूक नाही, पण त्याला जुन्या काळच्या मुख्याध्यापकांच्या शेऱ्याचा वास येतो. ‘बिडेबल’ त्याहून घरगुती. सांगितलेले काम मुकाट करणारे मूल किंवा कुत्रा. ब्रिटनमध्ये तो ऐकू येतो, अमेरिकेत क्वचित.

‘अमीनेबल’ची गोष्ट या सगळ्यांहून वेगळी आहे आणि मला या कुळातला तोच सर्वांत प्रतिष्ठित शब्द वाटतो. त्याचे मूळ मात्र मुळीच प्रतिष्ठित नाही. फ्रेंचमधल्या घेऊन जाणे या अर्थाच्या क्रियापदातून तो आला आणि ते क्रियापद उत्तरकालीन लॅटिनमधल्या गुरे हाकण्याच्या, म्हणजे ओरडून, धाक दाखवून पुढे काढण्याच्या शब्दातून. इंग्रजीत तो प्रथम कायद्याच्या भाषेत शिरला: अमुक न्यायालयाला अमीनेबल म्हणजे तिथे जाब द्यायला बांधलेला. आजचा अर्थ मात्र हाकण्यापासून फार दूर आला आहे. अमीनेबल माणूस पटवून दिले तर मानतो. म्हणूनच या शब्दामागे बहुधा ‘कशाला’ हे सांगणारे पद येते: तर्काला अमीनेबल, सूचनेला अमीनेबल, आणि वैद्यकात उपचाराला अमीनेबल. डोसाइल माणसाला असे काही जोडावे लागत नाही, कारण तो कशालाही तयार असतो. ही एक चाचणी ध्यानात ठेवली तरी बरेच काम होते. ज्या प्राध्यापकांना आपली विद्यार्थिनी सुधारणा सुचवल्या तर मोकळ्या मनाने स्वीकारते असे म्हणायचे होते, त्यांना हवा असलेला शब्द याच्या आसपास होता.

यांचे विरुद्धार्थी शब्दही जनावरांच्या गोठ्यातच सापडतात. ‘रिकॅल्सिट्रंट’ म्हणजे हट्टाने न ऐकणारा. त्याच्या मुळाशी टाचेने लाथ मारणे आहे, म्हणजे आपला ‘लाथाळ’. ‘रिफ्रॅक्टरी’ हा शब्द न जुमानणाऱ्या माणसाला, औषधाला न बधणाऱ्या आजाराला आणि भट्टीच्या आतून लावायच्या न वितळणाऱ्या विटांना सारखाच लागतो.

‘ओबीडियंट’ आणि ‘कम्प्लायंट’ एकमेकांच्या जागी वापरले जातात, पण त्यांचा पाया निराळा आहे. ओबीडियंटच्या पोटात लॅटिनमधले ऐकणे आहे, तेच जे ऑडिओ आणि ऑडिटोरियममध्ये आहे. मराठी माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही, कारण आपल्याकडेही ‘मुलगा ऐकत नाही’ याचा अर्थ त्याच्या कानांत दोष आहे असा होत नाही. आज्ञा देणारा अधिकारी समोर असल्याशिवाय हा शब्द पूर्ण होत नाही. ब्रिटिशांच्या सरकारी पत्रव्यवहारात साहेब स्वतःला समोरच्याचा ‘अत्यंत ओबीडियंट सेवक’ म्हणवून सही करत असे आणि त्याच पत्रात त्याला खुशाल दटावतही असे. रजेच्या अर्जाखाली आपण शाळेत ‘आपला आज्ञाधारक विद्यार्थी’ असे लिहायला शिकलो, ते त्याच साच्यातले वाटते. रजा मात्र आधीच घेऊन झालेली असे.

‘कम्प्लायंट’ वाकण्याच्या कुळातला दिसतो आणि त्याच्या अर्थावर त्या कुळाचा परिणामही झाला, पण त्याचे खरे मूळ भरून काढणे, पुरे करणे या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे, जो स्पॅनिश आणि इटालियन मार्गे इंग्रजीत आला. आपल्या कार्यालयीन मराठीत ‘अटींची पूर्तता’ म्हणतात, ती या मुळाला चपखल बसते. मुंबईतल्या कोणत्याही बँकेत कम्प्लायन्सचा, म्हणजे नियमांच्या अनुपालनाचा, विभाग असतो आणि एखादा व्यवहार, संगणकप्रणाली किंवा कंपनी नियमांना कम्प्लायंट आहे असे म्हणण्यात ना स्तुती असते ना निंदा. तोच शब्द माणसाच्या स्वभावाला लावला की थंड वाटू लागतो, जणू त्या माणसाची तपासणी करून शिक्का मारला आहे. वैद्यकातही हे जाणवले. सांगितलेली औषधे वेळेवर न घेणाऱ्याला पूर्वी सर्रास ‘नॉन-कम्प्लायंट’ म्हणत. त्यात डॉक्टरांनी हुकूम सोडायचा आणि रुग्णाने पाळायचा असा भाव होता, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने 2003 च्या आपल्या अहवालात त्याऐवजी ‘अ‍ॅडहिअरन्स’ हा, रुग्णाचीही संमती गृहीत धरणारा शब्द पुढे केला. याच वैद्यकात फुप्फुसाच्या कम्प्लायन्सविषयी बोलतात तेव्हा मात्र प्रश्न फुप्फुस किती सहज फुगते एवढाच असतो. तिथे कोणाचा मान दुखावत नाही.

सामाजिक मानसशास्त्र इथे आणखी एक रेघ ओढते, आणि ती रोजच्या भाषेतही उपयोगी पडते. कोणी विनंती केली म्हणून मानणे हे कम्प्लायन्स, कोणी काही न म्हणताच चार जण करतात तसे करणे हे कन्फॉर्मिटी, आणि अधिकाऱ्याने सांगितले म्हणून करणे हे ओबीडियन्स. सॉलोमन अ‍ॅश यांनी 1951 च्या सुमारास रेघांच्या लांबीचे साधे प्रयोग केले, ते दुसऱ्या प्रकाराचे: बाकीचे सगळे ठरवून चुकीचे उत्तर देत असतील तर डोळ्यांना दिसणारे बरोबर उत्तर सोडून कित्येक जण त्यांच्यात सामील होत. स्टॅन्ली मिलग्रम यांनी येल विद्यापीठात 1961 पासून केलेले आणि 1963 मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग तिसऱ्या प्रकाराचे. तिथे 40 पैकी 26 जणांनी, प्रयोग चालवणाऱ्याने ‘पुढे चालू ठेवा’ असे सांगितल्यावर, दुसऱ्या माणसाला 450 व्होल्टचा धक्का देण्यापर्यंत मजल मारली. धक्के खोटे होते, पण देणाऱ्यांना ते माहीत नव्हते. यांतले कित्येक जण घाम पुसत, आक्षेप घेत, अस्वस्थ होत पुढे जात होते. म्हणजे ते ओबीडियंट होते, पण डोसाइल मुळीच नव्हते.

वाकण्याचे खरे कूळ म्हणजे ‘प्लायंट’ आणि ‘प्लायेबल’. फ्रेंचमध्ये वाकवणे आणि लॅटिनमध्ये घडी घालणे हा त्यांचा मूळ अर्थ. वेताची छडी प्लायंट असते, ओले चामडे प्लायेबल असते, तोवर दोन्ही गुणच आहेत. माणसाला लावले की त्यांत कणा नसल्याची सूचना येते. जॉन बन्यन यांच्या 1678 च्या रूपककथेत प्लायेबल या नावाचे पात्रच आहे: नायकाने स्वर्गनगरीचे वर्णन केले की लगेच निघणारे, आणि पहिल्याच चिखलात रुतल्यावर तितक्याच लगेच घरी परतणारे. त्याच्या जोडीला ऑब्स्टिनेट नावाचा हट्टी शेजारी आहे, तो तर निघतच नाही. दोघेही पोहोचत नाहीत, पण हसू प्लायेबलचेच जास्त होते. ‘मॅलिएबल’मध्ये हातोडा आहे, शाळेच्या विज्ञानात धातूच्या ज्या गुणाला आपण वर्धनीयता म्हणतो, ठोकले की पत्रा होण्याचा, तो हा. तार निघण्याच्या गुणाला, तन्यतेला, वेगळा शब्द आहे. लहान मुलांचे मन मॅलिएबल असते असे म्हणण्यात दोष मानत नाहीत, कारण ते अजून घडायचे आहे. चाळिशीच्या गृहस्थाला कोणी तसे म्हटले तर मात्र त्याला कोणीतरी ठोकत आहे हे समजावे.

काही शब्द मुळात गौरवाचे होते आणि मग घसरले. ‘मीक’ हा त्यांतला सर्वांत दुर्दैवी. मूळ उत्तरेकडच्या नॉर्स भाषेत, अर्थ मऊ. 1611 च्या इंग्रजी बायबलमध्ये पृथ्वीचे वतन मीक माणसांना मिळेल असे येशू म्हणतो आणि इजिप्तच्या राजाच्या, फेरोच्या, दरबारात उभे राहून त्याला बजावणाऱ्या मोशेलाही याच शब्दाने गौरवले आहे. मराठी बायबलने मत्तयाच्या त्या वचनात ‘सौम्य’ हा शब्द घेतला, आणि तो फार चांगला निवडला, कारण सौम्यपणात दुबळेपणा येतोच असे नाही. तुकोबांचे विष्णुदास मेणाहून मऊ असतात आणि वज्रालाही भेदतात. मीकचा मूळ अर्थ त्यांना कळला असता. आजच्या बोलीत मात्र मीक म्हणजे कचेरीच्या कोपऱ्यात बसून कोणालाही उलट न बोलणारा कारकून. त्याच्याही पुढची पायरी ‘मिल्कटोस्ट’. एच. टी. वेबस्टर या व्यंगचित्रकाराने 1924 मध्ये कॅस्पर मिल्कटोस्ट नावाचा एक भित्रा गृहस्थ काढला. आजाऱ्याला द्यायच्या दुधात भिजवलेल्या पावावरून त्याचे नाव ठेवले, आणि ते नाव अमेरिकेत विशेषण होऊन बसले. मराठीत याला ‘मिळमिळीत’ म्हणता येईल. चवीचा दाखला दोन्हीकडे एकच आहे.

जाता जाता एक गंमत. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये लग्नाच्या शपथेत वधूला ‘बोनेअर आणि बक्सम’ राहण्याचे वचन द्यावे लागे. बक्सम म्हणजे तेव्हा वाकणारी, आज्ञेत राहणारी, आणि बोनेअर हे ‘डेबोनेअर’चे छोटे रूप, म्हणजे सौम्य, चांगल्या स्वभावाची. 1549 च्या प्रार्थनापुस्तकाने त्या जागी सरळ ‘आज्ञा पाळीन’ असे घातले. नंतर हे दोन्ही जुने शब्द असे भरकटले की आज बक्सम म्हणजे भरल्या अंगाची स्त्री आणि डेबोनेअर म्हणजे झकास सूट घातलेला, बायकांवर छाप पाडणारा पुरुष. ज्या गुणासाठी ते शपथेत बसवले होते, त्याचा मागमूसही राहिला नाही.

तिसरा गट बाजूला उभे राहून बोलणाऱ्यांचा. ‘सबमिसिव्ह’ म्हणजे स्वतःला दुसऱ्याखाली ठेवणारा. यात भीती किंवा सत्ता आहे, पण तिरस्कार असलाच पाहिजे असे नाही, कारण हा शब्द प्राणिशास्त्रज्ञ शेपटी पायांत घातलेल्या कुत्र्याविषयी तटस्थपणे वापरतो. ‘सबसर्व्हियंट’मध्ये दुसऱ्याच्या कामापुरते आपले अस्तित्व मानणे येते आणि तो संस्थांनाही लागतो: सत्तेला सबसर्व्हियंट वृत्तपत्र म्हटले की टीका पुरी होते. ‘सर्व्हाइल’ गुलाम या शब्दापासूनचा, आणि त्यातली किळस लपत नाही. ‘ऑब्सीक्वियस’ या सगळ्यांत खालच्या पायरीवर आहे, कारण त्या माणसाला स्वतःचा फायदा दिसत असतो. मुळात त्याचा अर्थ मागोमाग जाणारा, म्हणजे कर्तव्यनिष्ठ. हॅम्लेटला त्याचा काका वडिलांचा शोक काही काळ करणे हे मुलाचे कर्तव्य असल्याचे सांगतो, तेव्हा त्या शोकाला हेच विशेषण लावतो आणि त्यात वाईट काही नाही. आजचा अर्थ लाळघोट्या. इथे मराठी मुळीच कमी पडत नाही: होयबा, हांजी हांजी करणारा, आणि या सगळ्यांत चित्रमय म्हणजे मालकाने ढोलकीवर टिपरी घासली की मान डोलावणारा नंदीबैल. फक्त नंदीबैलाला लाभाची जाण नसते, ऑब्सीक्वियस माणसाला पुरेपूर असते. या रांगेच्या शेजारी, पण वेगळा, ‘डेफरेन्शियल’ बसतो. दुसऱ्याच्या वयाला, ज्ञानाला किंवा पदाला मान देऊन आपले मत मागे ठेवणे म्हणजे डेफरेन्शियल असणे. त्यात अदब आहे, लाचारी नाही. गाडीच्या मागच्या आसातल्या डिफरेन्शियलशी त्याचा गोंधळ होऊ नये म्हणून पहिल्या अक्षराकडे लक्ष ठेवावे लागते.

‘कम्प्लेझंट’ आणि ‘कम्प्लेसंट’ या जोडीने भले भले फसतात. दोन्ही लॅटिनच्या एकाच ‘खूश करणे’ या शब्दातून निघाले. एक फ्रेंच मार्गे आला आणि दुसऱ्याला खूश ठेवणारा झाला, दुसरा थेट आला आणि स्वतःवर खूश असणारा झाला. ‘झ’ म्हटले तर इतरांच्या मर्जीने वागणारा, ‘स’ म्हटले तर आत्मसंतुष्ट, गाफील. पहिला आता फारसा कोणी वापरत नाही. बायकोचे प्रेमप्रकरण ठाऊक असून कानाडोळा करणाऱ्या नवऱ्याला ‘कम्प्लेझंट नवरा’ म्हणण्याची जुनी रीत तेवढी टिकून आहे.

मित्रांच्या शब्दांत मोकळेपणा आहे, कारण तिथे कोणाला कोणाकडून काही करून घ्यायचे नसते. ‘ईझीगोइंग’ सतराव्या शतकात घोड्याच्या आरामशीर चालीसाठी वापरला गेला, त्यावर बसणाऱ्याला हादरे बसत नाहीत म्हणून. आजही ईझीगोइंग माणसाबरोबर राहिल्याने आपल्याला हादरे बसत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. तो आपले ऐकेल असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. हा मुद्दा सर्वांत जास्त वेळा सुटतो. ईझीगोइंग माणूस तुमचा आग्रह हसून उडवून लावू शकतो. ‘लेडबॅक’ हा त्याचा विसाव्या शतकातला अमेरिकी चुलतभाऊ, थोडा जास्त सैल. नोकरीच्या मुलाखतीत स्वतःला लेडबॅक म्हणवून घेणे टाळलेले बरे. ‘प्लॅसिड’ संथ पाण्यासारखा; तळ्याला लागतो तसाच बाळाला लागतो. ‘फ्लेग्मॅटिक’ ग्रीक वैद्यकातल्या चार द्रवांपैकी कफापासूनचा: रक्ताने उत्साही, पिवळ्या पित्ताने तापट, काळ्या पित्ताने उदास आणि कफाने थंड, अशी ती मांडणी होती. आयुर्वेदातली कफप्रकृतीही संथ, स्थिर आणि सहनशील मानलेली आहे, म्हणून हा शब्द मराठी वाचकाला न शिकवता कळावा. विनोद असा की ग्रीकमध्ये त्या शब्दाचे मूळ जळणे या क्रियापदात आहे.

‘अ‍ॅफेबल’ म्हणजे ज्याच्याशी बोलायला संकोच वाटत नाही असा. मूळ अर्थही ‘बोलता येण्याजोगा’ हाच. तो बहुधा मोठ्या पदावरच्या माणसाला शोभतो, कारण लहानाशी बोलायला कोणाला संकोच वाटतो? ‘एमिएबल’ मात्र जरा थांबून पाहण्यासारखा आहे. जेन ऑस्टिनच्या 1815 मधल्या ‘एमा’ या कादंबरीत फ्रँक चर्चिल हा तरुण गोड गोड पत्रे पाठवत राहतो, पण वडिलांच्या नव्या पत्नीला भेटायला येण्याचे सतत पुढे ढकलतो. त्यावर एमाचा स्नेही नाइटली म्हणतो की हा मुलगा फ्रेंच अर्थाने एमिएबल असेल, इंग्रजी अर्थाने नाही. त्याची रीत चांगली असेल, तो अग्रीएबलही असेल, पण दुसऱ्याच्या भावनांची बूज त्याला नाही. म्हणजे अग्रीएबल हे वागण्याच्या पृष्ठभागाचे विशेषण आणि एमिएबल हे मनाचे, हा फरक दोनशे वर्षांपूर्वीच एका पात्राने उकलून ठेवला आहे. याच शब्दाचे जुळे भावंड ‘अमिकेबल’ माणसाला लागत नाही, ते संबंधाला लागते. घटस्फोट अमिकेबल होऊ शकतो, नवरा नाही.

‘ओब्लायजिंग’ आपण होऊन मदत करणारा, ‘अकॉमोडेटिंग’ आपल्या सोयीत बदल करून दुसऱ्याला जागा करून देणारा. भारतीय इंग्रजीने इथे स्वतःची भर घातली. विवाहविषयक जाहिरातींत ‘अ‍ॅडजस्टिंग स्वभावाची मुलगी हवी’ असे लिहिलेले असते, तिथे इंग्लंडच्या वाचकाला काय अ‍ॅडजस्ट करायचे आहे तेच कळत नाही. त्याच जाहिरातीतला ‘होमली’ आपल्याकडे घरात रमणारी या अर्थाने येतो आणि अमेरिकेत तो दिसायला सामान्य या अर्थाने पोहोचतो. अ‍ॅडजस्टिंगमध्ये लगाम हातात असलेल्याचाच आवाज आहे, फक्त त्याने अकॉमोडेटिंगचा पोशाख घातला आहे.

‘अ‍ॅक्विएसंट’ला मात्र मराठीत ‘मौनं संमतिलक्षणम्’ हे संस्कृत वचनच उत्तर आहे. त्याच्या मुळाशी स्वस्थ राहणे आहे: मनातून पटलेले नाही, पण विरोधही करायचा नाही. सर्वेक्षण करणाऱ्यांना हा स्वभाव डोकेदुखी ठरतो, कारण पुष्कळ लोक प्रश्न कोणताही असला तरी ‘हो, बरोबर आहे’ असे उत्तर देतात. म्हणून चांगल्या प्रश्नावलीत तोच मुद्दा एकदा सुलटा आणि एकदा उलटा विचारतात.

इतक्या शब्दांच्या गर्दीत इंग्रजीकडे एक शब्द नाही, आणि तो आपल्याकडे आहे: भिडस्त. ओब्लायजिंग माणूस आनंदाने करतो, भिडस्त मनातून कुढत करतो. सबमिसिव्ह माणसावर कोणाची तरी सत्ता असते. भिडस्तावर शेजाऱ्याचीही असते, दारावर आलेल्या विक्रेत्याचीही असते. अ‍ॅक्विएसंट गप्प बसतो, भिडस्त तोंडाने ‘हो हो, नक्की’ म्हणतो. अलीकडे ‘पीपल-प्लीझर’ हा शब्द फार चालतो, पण त्यात लोकांना आवडण्याची हौस आहे. भिडस्ताला आवडून घ्यायचे नसते, त्याला समोरच्याच्या तोंडावर नाही म्हणवत नाही, एवढेच. भीड भिकेची बहीण, असे त्याला घरचे लोक ऐकवतात, आणि तो तेही ऐकून घेतो. मराठी कथेचे इंग्रजी भाषांतर करणाऱ्याला अशा वेळी विशेषणाचा नाद सोडून पूर्ण वाक्य लिहावे लागते: त्याने पैसे उसने दिले, कारण त्याला नाही म्हणता आले नाही, आणि मग रात्रभर तो छताकडे पाहत पडून राहिला.